सगळ्यात लहान टीव्हीने ठरवलेला सर्व्हर: नागपूरच्या एका घराचं प्रकरण

प्रकरण धरमपेठेतल्या चार खोल्यांच्या एका फ्लॅटचं आहे. घरात तीन टीव्ही आणि वीस-पंचवीस वर्षांत साचलेला व्हिडिओचा ढीग: मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या चाळीस टेप, मराठी नाटकांच्या सत्तरेक व्हीसीडी, लग्नामुंजींच्या डीव्हीडी, चार फोनमधलं चित्रीकरण आणि दोन पोर्टेबल डिस्कवर विखुरलेले चित्रपट. थोरला मुलगा म्युनिकला असतो, त्यालाही हे सगळं तिथल्या टीव्हीवर बघायचं आहे. त्यासाठी घरात मीडिया सर्व्हर, म्हणजे सगळे व्हिडिओ साठवून टीव्हींना पुरवणारा एक संगणक, बसवायचा ठरला. अपेक्षा अशा: सगळं एका जागी असावं, रिमोटवर लागावं, आजी-आजोबांना त्यासाठी कोणाला हाक मारावी लागू नये, विजेचं बिल फुगू नये आणि मे महिन्यात यंत्र बंद पडू नये.

दुकानात पहिला प्रश्न प्रोसेसरचा निघतो. मीडिया सर्व्हरच्या बाबतीत तो शेवटी विचारायचा असतो. फाइल टीव्हीला जशीच्या तशी पचत असेल तर सर्व्हरने ती डिस्कवरून वाचून वायरवर सोडायची, एवढंच काम उरतं. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि ते दहा वर्षं जुनं यंत्रही निवांत करतं. पचत नसेल तर चालू चित्रपट उलगडून टीव्हीला चालेल अशा रूपात त्याच क्षणी पुन्हा बांधावा लागतो. हे ट्रान्सकोडिंग, आणि हार्डवेअरवरचा सगळा खर्च या अपवादांसाठी असतो. म्हणून आधी टीव्ही तपासायचे, मग फायली, आणि मग खरेदी.

कोणत्या पडद्याला काय पचतं

हॉलमधला टीव्ही २०२१ चा, ५५ इंची, फोरके आणि एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला दाखवणारा. एच.२६४, एच.२६५ आणि एव्ही१ ही व्हिडिओ दाबून साठवायची तिन्ही रूपं तो स्वतः उलगडतो. अडतो तो फक्त आवाजाशी: त्याला डीटीएस हे आवाजाचं रूप कळत नाही. एलजीने २०२० ते २०२२ च्या टीव्हींमध्ये डीटीएस दिलं नव्हतं, सॅमसंगने तर २०१८ पासूनच सोडलं. अशा वेळी चित्र तसंच ठेवून फक्त आवाज एसी३ या दुसऱ्या रूपात बदलला जातो. हे काम इतकं हलकं आहे की त्यासाठी प्रोसेसर निवडायची गरज नाही.

मधल्या खोलीत फुल एचडी टीव्हीला १०८० चा स्ट्रीमिंग स्टिक लावलेला आहे. तिसरा पडदा आजी-आजोबांच्या खोलीतला, ३२ इंची, एचडी रेडी, तसाच एक स्टिक लावलेला. घरातला हा सगळ्यात साधा टीव्ही, पण सर्व्हरला सगळ्यात जास्त राबवतो तोच. कारणं दोन.

पहिलं कारण एचडीआर. फोनवर चित्रित केलेली वाढदिवसाची फोरके एचडीआर क्लिप या टीव्हीवर लावली, की आकार लहान करायचा आणि रंग साध्या पडद्याच्या आवाक्यात आणायचे अशी दोन कामं पडतात. रंगांच्या या कामाला टोन मॅपिंग म्हणतात. ते झालं नाही तर चेहरे राखाडी, धुतल्यासारखे दिसतात.

दुसरं कारण सबटायटल. आजोबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांच्या खोलीत बहुतेक सगळ्याला सबटायटल हवं, तेही देवनागरीत. सर्व्हर साधारणपणे सबटायटलचा मजकूर टीव्हीकडे पाठवतो आणि अक्षरं टीव्हीवरचं अॅप काढतं. इथल्या स्टिकवरच्या अॅपने देवनागरी नीट जोडली नाही: ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे गेली, ‘प्रश्न’मधले हलन्त सुटे पडले. फाइल यूटीएफ-८ या देवनागरीला चालणाऱ्या साठवणपद्धतीतच होती, म्हणजे दोष मजकुराचा नव्हता, तो जोडण्याचा होता. अशा वेळी खात्रीचा मार्ग एकच, सर्व्हरनेच अक्षरं चित्रावर उमटवायची. पण अक्षरं उमटवायची म्हणजे प्रत्येक चौकट उलगडायची, लहान करायची, रंग बदलायचे, मजकूर चढवायचा आणि पुन्हा बांधायची. ब्लू-रेवरची चित्ररूप सबटायटलं बहुतेक स्टिकवर याच वाटेने जातात.

तेव्हा प्रोसेसरची कसोटी अशी लिहून काढली: आजोबांच्या खोलीत सबटायटल उमटवलेला एक फोरके एचडीआर चित्रपट, त्याच वेळी म्युनिककडे जाणारा एक १०८० प्रवाह, आणि हॉलमध्ये डायरेक्ट प्ले. याहून जास्त या घरात एकाच वेळी घडत नाही.

जागेचा हिशेब

मिनी-डीव्हीची तासाभराची टेप संगणकावर १३ जीबी होते. चाळीस टेपचे ५२० जीबी. व्हीसीडी सत्तर धरल्या तरी पन्नासेक जीबी. एका थरावरच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, अशा पंचवीसचे सव्वाशे. फोनमधलं आजवरचं ६०० जीबी, चित्रपट १.२ टीबी. एकूण अडीच टीबी. वाढणारा भाग फोनचा: आयफोनवर फोरके, सेकंदाला ३० चौकटी, एच.२६५ मध्ये मिनिटाला सुमारे १७० एमबी, म्हणजे तासाला दहा जीबी. साठ चौकटी ठेवल्या तर मिनिटाला ४००. घरातल्या सर्वांचं धरून वर्षाला अर्धा टीबी मानला. पाच वर्षांनी पाच टीबी होतात. ६ टीबीची डिस्क तेव्हा ८३ टक्के भरलेली असती, म्हणून ८ टीबीच्या दोन. खोक्यावर ८ लिहिलेलं असलं तरी संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे ७.२७ दिसतात. त्यात चूक काही नाही.

डिस्क सीएमआर प्रकारचीच, म्हणजे लेखनपट्टे वेगवेगळे असलेली घ्यायची. एसएमआरमध्ये लेखनपट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे आधीच्या जागेवर पुन्हा लिहिताना शेजारचे पट्टेही लिहावे लागतात आणि सलग मोठी कॉपी अधूनमधून कासवगतीला येते. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त ८ टीबी डिस्कमध्ये हा प्रकार सर्रास आढळतो. डब्ल्यूडी कंपनीच्या साध्या ‘रेड’ मालिकेतही तो होता. २०२० मध्ये हे उघडकीला आल्यावर सीएमआरसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळं नाव आलं. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे.

डिस्क हातात आल्यावर लगेच भरायची नाही. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का ते पाहायचं, समांतर आयातीचा माल दुकानात दिसायला तसाच असतो. मग स्मार्टची, म्हणजे डिस्कमधल्या स्वतःच्या तब्येत-नोंदीची लांब चाचणी, जी ८ टीबीला बारा ते पंधरा तास घेते. त्यानंतर डिस्कचा प्रत्येक ब्लॉक तपासणाऱ्या बॅडब्लॉक्स या आज्ञेची लेखन चाचणी, एका नमुन्याने, म्हणजे एकदा लिहून एकदा वाचून सुमारे तीस तास. इथे ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो. मूळच्या १०२४ वर ८ टीबीचे ब्लॉक ३२ बिटांच्या आकड्यात मावत नाहीत आणि आज्ञा सुरू होताच थांबते. पूर्ण चार नमुने चालवले तर पाच दिवस जातात, घरासाठी तेवढं लागत नाही. शेवटी स्मार्टचे ५, १९७ आणि १९८ हे आकडे शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डेटा केबलचा असतो, डिस्क परत करायची घाई करू नये.

सहा पर्याय, आणि पाच का सुटले

घरात २०१३ च्या सुमाराचा चौथ्या पिढीचा आय५ डेस्कटॉप पडून होता. फुकटात सर्व्हर होईल असं वाटणं साहजिक आहे. पण इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एच.२६५ सहाव्या पिढीत आलं, दहा बिटांचं सातव्या पिढीत, आणि एव्ही१ उलगडणं अकराव्या. चौथ्या पिढीला फोरके एच.२६५ फक्त प्रोसेसरच्या जोरावर उलगडावं लागतं, चित्रपट दर काही सेकंदांनी थांबतो. शिवाय ती पेटी रिकामी बसली तरी पन्नास वॅटच्या आसपास खाते. एक वॅट वर्षभर चालू म्हणजे ८.७६ युनिट. नव्या यंत्रापेक्षा चाळीस वॅट जास्त म्हणजे वर्षाला ३५० युनिट, आणि युनिटला दहा रुपये धरले तरी साडेतीन हजार रुपये. फुकटचं यंत्र तीन-चार वर्षांत नव्या बोर्डाची किंमत वसूल करून घेतं.

रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकात व्हिडिओ बांधणारं हार्डवेअरच नाही. सगळं डायरेक्ट प्ले होत असेल तर तो पुरतो, वर लिहिलेली कसोटी त्याला झेपत नाही.

तयार दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर फायली पुरवणारा डबा, घेणं सोपं, पण त्यात आतला प्रोसेसर बघावाच लागतो. रायझन आर१६०० बसवलेले नॅस फायली हलवायला चपळ आहेत, मात्र त्या चिपमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे हार्डवेअर ट्रान्सकोडिंगही नाही. जाहिरातीत ‘मल्टिमीडिया’ लिहिलेलं असतं, त्यावरून काही ठरवू नये.

एन१०० या कमी विजेच्या इंटेल प्रोसेसरचा छोटा मिनी पीसी आणि यूएसबीवर दोन डिस्कचा डबा, हा पर्याय मोह पाडतो. अडचण डब्यातल्या यूएसबी-साटा चिपची (साटा म्हणजे डिस्क जोडायचं पोर्ट). भार पडला की काही चिपा मधूनच जोडणी सोडतात, काही स्मार्टचे आकडे पुढे जाऊ देत नाहीत, काही डिस्कला झोपूच देत नाहीत. वर्षानुवर्षं चालायच्या यंत्रात हे नको.

राहिले दोन: १२ व्या पिढीचा आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड, किंवा एन१०० पक्का बसवलेला मायक्रो-एटीएक्स बोर्ड. आय३ चार साटा पोर्ट देतो आणि ताकदही बरीच जास्त. घेताना नावापुढे ‘एफ’ नाही ना हे बघायचं, एफवाल्यात ग्राफिक्स नसतं. चार डिस्क लागणार असत्या तर तोच घेतला असता. इथे दोनच डिस्क आहेत, आणि खोली तापते.

एन१०० हा इंटेलचा २०२३ च्या सुरुवातीचा प्रोसेसर: चार कोर, सहा वॅटचा दर्जा, ग्राफिक्समध्ये २४ घटक. दहा बिटांचं एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ उलगडतो. एच.२६४ आणि एच.२६५ बांधतो. एव्ही१ बांधत नाही, पण या घरात तशी गरजही नाही. टोन मॅपिंगसह फोरके ते १०८० चा एक प्रवाह आणि शेजारी साधा १०८० चा दुसरा, हे त्याच्या आवाक्यात आहे. मर्यादा स्पष्ट आहेत. मेमरीची वाहिनी एकच आणि चिपचे स्वतःचे साटा पोर्ट दोनच. चार-सहा साटा पोर्ट असलेले एन१०० बोर्ड मिळतात, पण तिथे वेगळी साटा चिप जोडलेली असते. जेएमबी५८५ असेल तर प्रोसेसर खोल झोपेत जात नाही आणि रिकाम्या वेळची वीज वाढते. एएसएम११६६ त्या बाबतीत बरी.

बाकी खरेदी: १६ जीबीची एकच डीडीआर४ पट्टी, ऑपरेटिंग सिस्टीम आणि कॅटलॉगसाठी ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, पुढे १२० मिमी पंखा बसेल अशी साधी पेटी, आणि नावाजलेला लहान पॉवर सप्लाय. पॉवर सप्लायचं ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्र २० टक्के भारापासून पुढे मोजलेलं असतं. ४५० वॅटच्या सप्लायचे २० टक्के म्हणजे ९० वॅट, आणि हे यंत्र बहुतेक वेळ वीस-पंचवीस वॅटवर असतं. म्हणजे मोठा सप्लाय घेऊन इथे फायदा नाही, मिळेल तितका लहान घ्यावा. १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारे एन१०० बोर्डही आहेत. ते घेतले तर डिस्क सुरू होतानाचा झटका मोजायचा: ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते, दोन डिस्कचे ४८ वॅट. ६५ वॅटचा अॅडॉप्टर तिथे काठावर येतो, ९० चा हवा.

मोलेक्सवरून साटा वीज काढणारा प्लॅस्टिकमध्ये ओतलेला स्वस्त जोड कधीही वापरू नये. आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. सप्लायच्या स्वतःच्या साटा वायरी पुरतात.

मे महिना

एन१०० बोर्डावर बहुतेक वेळा पंखा नसतो, नुसता अॅल्युमिनियमचा खोका असतो. पुस्तकी खोलीतापमानाला ते ठीक. नागपुरात मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना बंद खोली दुपारी ३८-४० वर असते. हवा न खेळणाऱ्या पेटीत डिस्क खोलीपेक्षा दहा-बारा अंश वर राहते, म्हणजे पन्नाशी पार. उत्पादकांची मर्यादा ६५ च्या आसपास असली तरी रोज तिथे ठेवायची नाही. पुढचा १२० मिमी पंखा डिस्कवरून हवा ओढेल असा बसवला, मिनिटाला ७०० ते ८०० फेऱ्यांवर कायम ठेवला, आणि दोन डिस्कच्या मध्ये एक खण रिकामा सोडला. फरक पाच-सहा अंशांवर येतो. पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नये. प्रोसेसर थंड आणि डिस्क तापलेली, अशी वेळ इथे रोज येते.

जागा माळ्यावर नको, छताखालची हवा सगळ्यात गरम. दार लावायच्या टीव्ही कॅबिनेटमध्येही नको. आणि विदर्भातल्या घरात आवर्जून सांगायची गोष्ट: कूलरच्या झोतात ठेवू नये. ती हवा गार लागते खरी, पण दमट असते, आणि जाळीवर बसलेली धूळ तिच्यामुळे चिखलासारखी चिकटते. इथे सर्व्हर पॅसेजमध्ये, जमिनीपासून दोन फुटांवरच्या फळीवर, खाली रबरी पट्ट्या देऊन ठेवला. जाळी दर महिन्याला झटकायची, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी.

जोडणी आणि बायोस

बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, आधी अद्ययावत केलं. मग वीज गेल्यानंतर परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचा पर्याय चालू, प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्था चालू, पीसीआयची वीजबचत चालू, ऑडिओ चिप बंद. काही बोर्डांवर पहिले दोन मुळात बंद येतात. वीज परतल्यावर यंत्र मुकाट बसून राहतं आणि घरच्यांना वाटतं सर्व्हर बिघडला.

घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे-दिव्यांना. सर्व्हर, फायबरची पेटी आणि राउटर यांना वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस दिला. सगळ्यांचा मिळून भार ४५ वॅटच्या आसपास. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास, म्हणजे ८४ वॅट-तास. रूपांतरातला तोटा वजा जाता नवी असताना पाऊण ते एक तास मिळतो. नंतर झपाट्याने कमी होतो: लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. इथे दोन वर्षांनी बॅटरी बदलायची असं धरूनच चालायचं. सर्व्हर थेट इन्व्हर्टरवर ठेवणाऱ्यांनी इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे आणि खटका ‘यूपीएस’ मोडवर आहे, हे पाहावं. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ संगणकाला झेपत नाही.

स्वस्त यूपीएसला संगणकाला खबर देणारं यूएसबी नसतं. तिथे एक साधा उपाय चालतो: जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट मुख्य विजेवर लावायचा आणि सर्व्हरने दर मिनिटाला त्याला पिंग करायचं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून बघायची. सलग वीस मिनिटं उत्तर नाही म्हणजे वीज नाही, यंत्र रीतसर बंद करायचं. जुना राउटर सर्व्हरच्या स्विचशी केबलने जोडलेला हवा. आणि तो स्विच स्वतः यूपीएसवर असायला हवा, नाहीतर उलटा घोटाळा होतो.

सॉफ्टवेअर

सर्व्हरवरचे व्हिडिओ टीव्हींना पुरवायला जेलीफिन हे सॉफ्टवेअर निवडलं. २०१८ च्या डिसेंबरात एम्बीपासून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प हार्डवेअर ट्रान्सकोडिंगचे पैसे घेत नाही. प्लेक्स या त्याच्या प्रतिस्पर्ध्यामध्ये त्यासाठी सशुल्क प्लेक्स पास लागतो, आणि २०२५ पासून घराबाहेरून बघायलाही सशुल्क पास लागतो. प्लेक्सची टीव्हीवरची अॅप्स जास्त सफाईदार आहेत, हे मान्य करायला हवं. म्युनिकचा विचार करता इथे जेलीफिन सरस ठरलं.

एसएसडीवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर डॉकरमध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये), जेलीफिन. ग्राफिक्सचं रेंडर डिव्हाइस कंटेनरला देताना यजमानावरच्या रेंडर ग्रुपचा क्रमांकही द्यावा लागतो. तो प्रत्येक यंत्रावर वेगळा असू शकतो. दुसऱ्याची कॉन्फिगरेशन फाइल जशीच्या तशी चिकटवली की नेमकं इथेच अडतं: डायरेक्ट प्लेचे चित्रपट व्यवस्थित चालतात, ट्रान्सकोड लागणारे सुरूच होत नाहीत, आणि लॉगमध्ये डिव्हाइस उघडता न आल्याची ओळ दिसते. इंटेल ग्राफिक्सचं फर्मवेअर पॅकेजही घातलं पाहिजे, एन१०० चं व्हिडिओ बांधणं त्याच्यावर अवलंबून आहे.

जेलीफिनच्या प्लेबॅक पानावर इंटेल क्विकसिंक (ग्राफिक्सवरचं ट्रान्सकोडिंग) निवडून एच.२६४, एच.२६५, दहा बिटांचं एच.२६५, व्हीपी९, एव्ही१ यांवर खुणा केल्या. टोन मॅपिंग चालू. एव्ही१ बांधणं बंद, ते चुकून चालू राहिलं तर एन१०० वर प्रसारणच तुटतं. सबटायटलसाठी नोटो सान्स देवनागरीची फॉन्ट फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून तो कंटेनरच्या फॉन्टच्या फोल्डरला जोडला. असं न करता सबटायटल उमटवलं आणि अक्षरांऐवजी चौकोन आले, तर कारण फॉन्टचा अभाव. आजोबांच्या स्टिकवरच्या अॅपमध्ये सबटायटल नेहमी उमटवूनच द्यायचा पर्याय चालू केला.

कसोटी अशी घेतली: आजोबांच्या टीव्हीवर फोरके एचडीआर चित्रपट सबटायटलसह, आणि बाजूला मोबाइल डेटावरून दुसरा. डॅशबोर्डवर ट्रान्सकोडचं कारण आणि वेग दिसतो. प्रवाहाच्या चौकटी सेकंदाला चित्रपटाच्या मूळ २४ पेक्षा बऱ्याच वर राहिल्या पाहिजेत. २४ ला टेकल्या तर पुढे-मागे करताना चित्रपट अडखळणार. ग्राफिक्स मॉनिटरमध्ये व्हिडिओचा खण हलत नसेल आणि चारही कोर शंभरावर असतील, तर काम प्रोसेसरवर पडलंय, हार्डवेअरवर नाही.

पुढे-मागे करताना दिसणारी छोटी चित्रं, ज्यांना ट्रिकप्ले म्हणतात, सगळ्या संग्रहाची एकदम करायला लावली तर एन१०० दिवसच्या दिवस राबतो. हे काम रात्रीच्या वेळेत आणि हार्डवेअर उलगडण्यावर नेमावं. मेमध्ये तर मुळीच काढू नये.

जुन्या टेपबद्दल थोडं सविस्तर. डीव्ही रूपातली फाइल कुठलाही टीव्ही थेट लावत नाही, आणि तिच्यात प्रत्येक चौकट दोन अर्ध्या फील्डांची असते. दर वेळी ट्रान्सकोड करण्यापेक्षा एकदाच बघण्याची प्रत करून ठेवली: ७२० बाय ५७६, फील्डांच्या पूर्ण चौकटी करणाऱ्या बीडब्ल्यूडीआयएफ गाळणीने सेकंदाला ५० चौकटी, एच.२६४, गुणवत्ता १८. फील्डांचा क्रम खालचा आधी असा सांगावा लागतो. उलटा झाला तर हलणारा हात पुढे-मागे थरथरतो, पळणाऱ्या मुलांच्या चित्रणात ते लगेच दिसतं. मूळ डीव्ही फायली पुसायच्या नाहीत. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, वर ‘इग्नोर’ नावाची बिंदूने सुरू होणारी रिकामी फाइल टाकून ठेवल्या, म्हणजे जेलीफिन तिकडे बघत नाही. व्हीसीडीतल्या डीएटी फायलींनाही हेच केलं. ३५२ बाय २८८ चं चित्र मोठं करून काही हाती लागत नाही, ते तसंच ठेवावं. नाटकांची माहिती इंटरनेटवरच्या चित्रपट-सूचीत बहुधा सापडत नाही आणि जेलीफिन भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवतं. म्हणून नाटकांची लायब्ररी वेगळी केली, बाहेरून माहिती आणणं बंद ठेवलं आणि नाव, लेखक, कलाकार एनएफओ या जेलीफिन वाचतं त्या माहिती-फायलीत हाताने लिहिले. वेळ लागतो, पण आजींना हवं ते नाटक रिमोटवर दोन बटणांत मिळण्यासाठी यासारखं दुसरं काम नाही.

वायर, आणि म्युनिक

हॉलमधल्या टीव्हीला केबल लावल्यावर मोठे फोरके चित्रपट अडखळू लागले, वायफायवर नाही. हे उलटं वाटतं, पण महागड्या टीव्हींचंही केबलचं पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं. फोरके ब्लू-रेचा प्रवाह कमाल १२८ एमबीपीएसपर्यंत चढू शकतो. जवळ राउटर असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा टीव्हीला केबलपेक्षा बरं. सर्व्हर ते राउटर मात्र केबलच, आणि तीही तपासून. फ्लॅटमध्ये आधी ओढलेल्या केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या होत्या. त्यावर १०० च्या पुढे जाता येत नाही, गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप केल्यावर काम झालं. नवी घ्यायची तर कॅट५ई पुरते, फक्त शुद्ध तांब्याची, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची नको.

बाहेरून पोहोचायचं म्हटलं तर घरगुती फायबरवर आयपीव्ही४ पत्ता बहुधा अनेकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर पोर्ट उघडून उपयोग नाही. इथे तसंच होतं. सर्व्हरवर आणि म्युनिकच्या अँड्रॉइड टीव्हीवर टेलस्केल, म्हणजे यंत्रांना इंटरनेटवरून खाजगी जाळ्यात जोडणारं अॅप, बसवलं. दोन्हीकडे आयपीव्ही६ चालू असेल तर जोडणी बहुतेक वेळा थेट होते. नाही झाली तर ती रिले सर्व्हरवरून जाते आणि वेग पडतो, म्हणून टेलस्केलच्या स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ दिसतं का ते पाहायचं. जेलीफिनमध्ये घरचं नेटवर्क म्हणून फक्त १९२.१६८ ची श्रेणी नोंदवली, त्यामुळे म्युनिक बाहेरचं ठरतं आणि बाहेरच्यांसाठी घातलेली ८ एमबीपीएसची मर्यादा लागू होते. एवढ्या अंतरावर १०८० साठी तीच सुखाची. म्युनिकच्या खात्याला काही पुसायचा अधिकार दिलेला नाही, घरातल्याही दोनच खात्यांना आहे.

दुसरी डिस्क

दोन सारख्या डिस्क दिसल्या की मिरर रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिण्याची जोडणी, करण्याचा सल्ला हमखास मिळतो. इथे तो मुद्दाम टाळला. मिररमध्ये एका डिस्कवर पुसलेलं दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं. घरात फायली डिस्क बिघडून जातात त्याहून जास्त वेळा चुकून पुसल्याने जातात. शिवाय मिररच्या दोन्ही डिस्क सतत बरोबर फिरतात. रात्री एकदा नक्कल करायची ठरवली तर दुसरी डिस्क दिवसातले तेवीस तास झोपलेली असते, आणि नागपुरात तो मोठा फायदा आहे. मोबदल्यात मुख्य डिस्क गेली तर त्या दिवशी टाकलेलं गमावतं आणि दुसरी डिस्क हाताने जोडावी लागते. घरच्या संग्रहाला हे परवडतं.

डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत फॉरमॅट केल्या. त्यात ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी राखली जाते, ८ टीबीवर ४०० जीबी. डेटाच्या डिस्कवर ती राखण शून्य करावी. झोपेची वेळ एचडीपार्म या डिस्कच्या आज्ञेत मुख्य डिस्कला २४२, म्हणजे एक तास, दुसरीला २४१, म्हणजे अर्धा तास. याहून कमी ठेवली तर डिस्क दिवसात अनेकदा थांबते-सुरू होते आणि झिजते. झोपलेल्या डिस्कवरचा चित्रपट लावला की पहिल्यांदा आठ-दहा सेकंद काही होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं.

रात्री तीनला आरसिंक हा नक्कल करणारा प्रोग्राम चालतं. पुसलेल्या आणि बदललेल्या फायली थेट न घालवता तारखेच्या फोल्डरमध्ये हलवतं आणि तीस दिवसांनी ते फोल्डर साफ होतं. यातला खरा धोका असा: मुख्य डिस्क एखाद्या दिवशी माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टीमला जोडलीच गेली नाही, तर तिची जागा रिकामं फोल्डर घेतं, आरसिंकला वाटतं सगळं पुसलं गेलं, आणि ते नक्कलही रिकामी करायला लागतं. म्हणून तीन अडसर घातले. दोन्ही डिस्कवर एक खुणेची फाइल आहे, ती दिसल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे जात नाही. माउंट न झालेल्या रिकाम्या फोल्डरवर लिहिता येणार नाही असा बदल-प्रतिबंध आहे. आणि एका रात्रीत दोनशेहून जास्त फायली पुसायच्या झाल्या तर आरसिंक पुसणं थांबवतं आणि मेल जाते. डिस्क ओळखताना एसडीए-एसडीबी ही नावं वापरली नाहीत, यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक डिस्कचे न बदलणारे ओळखक्रमांक, वापरले. पुढच्या वेळी यंत्र सुरू झाल्यावर ती नावं अदलाबदल होऊ शकतात, आणि नक्कल उलट्या दिशेने झाली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

चित्रपट पुन्हा मिळतील, टेप आणि फोनचं चित्रण मिळणार नाही. तेवढ्यासाठी ५ टीबीची २.५ इंची पोर्टेबल डिस्क घेतली. ही एसएमआरच असते, पण वर्षातून चार वेळा सलग लिहायच्या कामाला चालते. ती सीताबर्डीला आत्याकडे असते. दर तीन महिन्यांनी आणायची, नक्कल पूर्ण करायची, चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारे आकडे) जुळवायचे, आणि परत देण्याआधी तिच्यातली कुठलीही एक टेप दुसऱ्या संगणकावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून बघायची.